पाठीचं वजन

एरंडोलला असताना माझी एक पाठ, म्हणजे अजून न व्यालेली शेळी, पहिल्यांदा माजावर आली. शेजारचे नाना म्हणाले, "अक्का, तिले बोकड दखाड." मी नाही म्हटलं. आदल्या वर्षी दुसऱ्या एका पाठीची अशीच घाई केली होती आणि ती पहिल्याच वेतात करडासकट गेली होती. या वेळी केळीचे घड तोलायच्या काट्यावर आधी हिची आई तोलली, मग ही. आईच्या जेमतेम निम्मी भरली.

"बकरी शे का केळीना घड?" नाना हसले.

मी पाच माज जाऊ दिले. आईच्या पाऊणपट भरली तेव्हा नानांचाच बोकड आणला. पाच महिन्यांनी दोन करडं झाली आणि तासाभरात उभी राहून प्यायला लागली. बघायला आलेल्या नानांच्या हातात दोरी होती आणि मागे त्यांची पाठ.

"अक्का, हिले बी तोल."