खजुराच्या एकशे सहा बिया

"कधीपासून?" धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेते. चिंचोके मांडून लेकरांना शंभरापर्यंत मोजायला शिकवणं हा माझा रोजचा धंदा. आणि माझ्याच अंगावरून किती दिवस जातं, कुठल्या वर्षापासून जातं, हे काही मला सांगता येईना.

"लई दिवस झाले," मी म्हणाले.

"लई म्हणजे किती?"

"झाली असतील की चार-पाच वर्षं." बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

मी त्यांच्याकडे गेले ती काही शहाणपणानं नाही. शाळेतल्या एका बाईंनी पिच्छाच पुरवला म्हणून गेले. एरवी माझी गर्भाची पिशवी काढायचं नक्की झालं होतं, उन्हाळ्याच्या सुटीतला दिवससुद्धा ठरला होता. पाळी आली की पाच-सहा दिवस नेहमीसारखं जायचं आणि मग थांबायचं सोडून तपकिरी डाग सुरूच राहायचे. दहा दिवस, बारा दिवस, कधी पंधरा. कंबर धरलेली, चेहरा पांढराफटक, फळ्यावर लिहायला हात वर केला की डोळ्यांपुढे अंधारी. एका दवाखान्यात पोटावरून सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल निघालं आणि गोळ्या मिळाल्या. गोळ्या होत्या तोवर बरं, संपल्या की पुन्हा तेच. दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझे कागद उलटसुलट केले आणि म्हणाले, "एक लेकरू आहे ना? मग काढून टाका पिशवी. कटकट मिटेल."

आमच्याकडे पिशवी काढणं ही दाढ काढण्याइतकी साधी गोष्ट होऊन बसली आहे. माझं सासर तेरखेड्याचं, फटाके बनवणाऱ्या गावातलं. सासूबाईंची पिशवी काढलेली, थोरल्या जावेचीही काढलेली. "माझी काढून इतकी वर्सं झाली, काय बिघडलं?" सासूबाई म्हणायच्या. हे म्हणताना त्या कंबरेवर हात ठेवून भिंतीला टेकलेल्या असायच्या, पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. नवरा स्वभावानं मऊ. तो म्हणाला, तू म्हणशील तसं करू.

मी काय म्हणणार? मला दुसरं लेकरू हवं होतं. मुलगी सहा वर्षांची झाली होती आणि चार वर्षं आम्ही वाट बघत होतो. पण हे मी कुणाजवळ मोठ्यानं बोलत नव्हते. आजारी बाईनं आणखी काही मागणं बरं दिसत नाही, असं मला उगीचच वाटायचं. एकदा पिशवी गेली की ते मागणंच संपणार होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काढायचीच असेल तर मीही काढून देईन. पण काय बिघडलंय ते कळल्याशिवाय मी काही काढत नाही. घरी जा, आठवा. बाळंतपणाआधी पाळी किती दिवस चालायची, नंतर किती दिवस. आठ दिवसांनी या."

मी भयंकर चिडले. येडशीला गाडी बदलून, उन्हात उभं राहून इथवर यायचं आणि हातात औषधाच्या चिठ्ठीऐवजी प्रश्नपत्रिका घेऊन परत जायचं! परीक्षा मी घेते, माझी कुणी घ्यायची नाही, असा माझा तोरा. परतीच्या एसटीत मी त्या बाईंना मनातल्या मनात पुष्कळ सुनावलं.

संध्याकाळी माहेरी तेरला अम्मीला फोन लावला. तिनं आधी तिचा ठरलेला प्रश्न विचारला, "कजा धरलीस का?"

रमजानमध्ये पाळी आली की बाईला रोजा धरता येत नाही. सुटलेले रोजे मग वर्षभरात सवडीनं धरून फेडायचे, त्यांना कजा म्हणतात. सुटलेल्यांचा हिशेब विसरू नये म्हणून अम्मीची स्वतःची एक रीत आहे. ज्या दिवशी रोजा नाही, त्या दिवशीही इफ्तारला सगळ्यांबरोबर बसून खजूर खायचाच, कारण घरातल्या पुरुषांना काही कळू द्यायचं नसतं. त्या खजुराची बी धुऊन बाजूला ठेवायची. ईद झाली की त्या वर्षीच्या ईदच्या कपड्याच्या कातरणीत सगळ्या बिया बांधून ठेवायच्या. एक कजा धरली की एक बी काढून टाकायची. लग्नाआधी थंडी पडली की अम्मी मला पहाटे उठवायची आणि पुरचुंडी रिकामी झाल्याशिवाय सोडायची नाही. लग्नानंतर मात्र बिया बांधायची सवय राहिली आणि फेडायची सुटली. यंदा थंडीत धरू, पुढच्या थंडीत धरू, असं करत दहा वर्षं गेली. च्यवनप्राशच्या रिकाम्या डब्यात दहा पुरचुंड्या साठल्या होत्या आणि तो डबा मी कपाटात साड्यांच्या मागे ढकलून दिला होता.

त्यामुळे अम्मीचा तो प्रश्न मला नेहमीच टोचायचा. त्या दिवशी तर मी फटकन म्हणाले, "अम्मी, इथं माझी पिशवी काढायला निघालेत आणि तुला कजा सुचतीय? ती डॉक्टरीण विचारतीय कवापासून, किती दिवस. मला काय सपान पडतंय?"

अम्मीनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आगं, डब्यात हाय की समदं. पोरीच्या आधीच्या पुरचुंड्या उघड, नंतरच्या उघड. मोज."

अम्मी चौथी शिकलेली आहे. दोन-दोन पदव्या घेतलेल्या मला जे सुचलं नाही, ते तिनं तेरच्या घरात चुलीपाशी बसून एका श्वासात सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी दार लावून मी पलंगावर पुरचुंड्या मांडल्या. कापड बघितलं की वर्ष कळत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या ईदचा मेंदी रंगाचा ड्रेस, त्यात सहा बिया. निळ्यात सहा. जांभळ्या फुलांच्या कापडात पाच. मग पिवळं कापड. त्या वर्षी मला नववा महिना होता, पूर्ण रमजान सुटला होता. त्यात तीस बिया. त्याच पिवळ्या कापडाचं लेकीचं पहिलं झबलं शिवलं होतं. तिच्या जन्मानंतरच्या पुरचुंडीत नऊ. त्याच्या पुढच्या वर्षी दहा. मग दहा, दहा, दहा आणि पुन्हा दहा. मी बिया चिंचोक्यांसारख्या दहा-दहाच्या ओळीत लावल्या. बेरीज एकशे सहा झाली.

मला आधी लाजच वाटली, एवढे रोजे डोक्यावर आहेत म्हणून. मग नजर त्या ओळींवर खिळून राहिली. सहा, सहा, पाच. मध्ये लेक. आणि तिथून पुढे सगळं बदललेलं. माझ्याच हातानं धुतलेल्या, माझ्याच हातानं बांधलेल्या बिया इतकी वर्षं हे सांगत होत्या आणि मी त्या डोळ्यांआड करून ठेवल्या होत्या. मी कजा वेळेवर धरल्या असत्या तर डबा रिकामा असता, हेही तेव्हाच ध्यानात आलं. माझ्या आळसानं आयुष्यात कधी माझं असं भलं होईल, असं वाटलं नव्हतं.

आठ दिवसांनी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मी डबा उघडला. त्या हसतील याची तयारी ठेवली होती. त्या हसल्या नाहीत. एकेक पुरचुंडी त्यांनी स्वतः सोडली, मोजली, कागदावर आकडा लिहिला आणि पुन्हा त्याच कापडात बांधून ठेवली. मी आणखी दोनदा गाडी बदलून आले असते, इतकं मला ते बघणं आवडलं. मग त्यांनी विचारलं, "शेवटची पाच वर्षं बरोबर दहाच कशा? एकदा अकरा नाही, बारा नाही?"

मी सांगितलं, "दहापेक्षा जास्त होतच नाहीत, मॅडम. आमच्यात दहा दिवसांपर्यंत पाळी धरायची. त्याच्या वर गेलं तर ते पाळीचं न्हाय, आजाराचं. मग अंघोळ करून नमाज पढायची, रोजा धरायचा. अम्मीनं लहानपणीच शिकवलंय."

"म्हणजे अकराव्या दिवशीही जात असायचं?"

"व्हय. जात असायचं आणि मी रोजा धरायची."

बाईंनी कागदावरच्या पाच दहांखाली रेघ ओढली. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे हा आजार आहे, हे तुम्हाला पाच वर्षांपासून माहीत होतं. नमाजेसाठी तो आजार होता. स्वतःसाठी नव्हता का हो?"

मला रडू आलं. कुणी रागावलं म्हणून नव्हे. एवढा साधा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. दरवर्षी अकराव्या दिवशी मी न्हाणीत अंगावर पाणी ओतताना मनात म्हणायची, हे आजाराचं आहे. आणि अंग पुसून स्वयंपाकाला लागायची.

त्यांनी या वेळी आतून सोनोग्राफी केली आणि पडदा माझ्याकडे वळवला. पस्तिशीला आलेली बाई मी, पण माझी पिशवी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. राखाडी, शांत, मुठीएवढी. जिच्यात माझी लेक नऊ महिने राहिली ती हीच. इतकी लहान जागा! मी डोळे मोठे करून बघतच राहिले. बाईंनी एका ठिकाणी बोट ठेवलं. तिथं डाळीच्या दाण्याएवढा काळा त्रिकोण होता. "हा तुमच्या सिझेरियनचा व्रण. वरून जखम भरली, पण आतून इथं खाच राहिली. पाळीचं रक्त या खाचेत साठतं आणि नंतर थेंबथेंब बाहेर येत राहतं. पोटावरून बघताना हे सहज निसटतं. बाळंतपणानंतर बदललं हे तुमच्या बियांनी सांगितलं, म्हणून मी इथं बघितलं."

"पिशवी काढायची?" मी विचारलं.

"खाच दुरुस्त करायची. घर कशाला पाडायचं?"

मग मी ते मोठ्यानं म्हणाले. मला दुसरं लेकरू हवंय, असं. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. बाई म्हणाल्या, खात्री देत नाही, पण वाट बंद झालेली नाही. आतल्या अस्तराचा तुकडा त्यांनी तपासायला पाठवला, तो चांगला निघाला. दोन महिने रक्त वाढवायची औषधं झाली आणि सोलापूरला दुर्बिणीचं ऑपरेशन झालं.

ऑपरेशननंतर मी तेरखेड्याला पडून होते तेव्हा सासूबाई बोकडाच्या पायांचा रस्सा शिजवून घेऊन आल्या. वाटी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "नेमकं काय हुतं तुला? मला नीट सांग बरं." मी लेकीची पाटी घेतली, तिच्यावर पिशवी काढली, खाच काढली, रक्त कसं साठतं ते दाखवलं, बियांचंही सांगितलं. सासूबाईंनी पाटी मांडीवर घेतली. कितीतरी वेळ त्या चित्राकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "आन माझं काय हुतं गं?"

"तुमचे कागद असतील ना, अम्मा?"

"कसले कागद? अंगावरनं पांढरं जायाचं. डॉक्टर म्हणला काढा, तुझा सासरा म्हणला काढा. तवा मी तुझ्यापरीस ल्हान हुते. कवापासून जातंय, असं मला कुणी इचारलंच न्हाय." पाटी त्यांनी परत दिली, पण पुसली नाही. मलाही ती पुसवली नाही.

बाळाचं अजून काही नाही. एकशे सहामधल्या चौदा बिया थंडीत फेडून झाल्या. अम्मी फोनवर आकडा विचारते आणि मी आता न चिडता सांगते.

यंदाच्या रमजानात मधल्या दहा दिवसांत पाळी आली. सहा संध्याकाळी सहा बिया धुऊन ठेवल्या. सातव्या पहाटे बघितलं, डाग नव्हता. अंघोळ केली, रोजा धरला. शाळेत दिवसभर माझं लक्ष नव्हतं, तीनदा जाऊन बघून आले. काही नव्हतं. सहा वर्षांनी माझं अंग ठरल्या दिवशी थांबलं होतं आणि मला ते खरंच वाटत नव्हतं.

इफ्तारला खजूर खाल्ला आणि सवयीनं बी मुठीत धरली. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी पदराआडून हळूच तळहात पुढे केला. "आण हिकडं. धुऊन ठिवते."

"ही नको, अम्मा. आज माझा रोजा होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सातव्याच दिवशी?"

"सातव्याच."

त्यांनी तरीही ती बी माझ्या हातातून घेतली आणि नमाजेला उठेपर्यंत मुठीत धरून ठेवली.