वीस मिनिटांचा चहा

आई उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत होती आणि मी दिवसभर फाटकाबाहेरच्या बाकावर बसून असायचो. रोज चारच्या सुमाराला तिथे रिक्षातून एक साठीचा माणूस उतरायचा. अंगात कंपनीचा विटका खाकी शर्ट, सोबत कान तुटलेली गावठी कुत्री. बाकावरचे सगळे चेहरे तो नीट निरखायचा आणि त्यातल्या एकाला म्हणायचा, "जरा पट्टा धरता का? चहा पिऊन येतो."

चौथ्या दिवशी पट्टा माझ्याकडे आला. कुत्रीने माझ्या चपलेवर हनुवटी टेकली. तीन दिवस मी कुणाशी धड बोललो नव्हतो. तिला मात्र सगळं सांगून बसलो.

पण चहाला वीस मिनिटं? एकदा दुसऱ्या कुणाकडे पट्टा होता, तेव्हा मी बघायलाच गेलो. तो टपरीमागे रिकाम्या हातांनी उभा होता.

"काका, चहा?"

"शुगर आहे रे, कधीच सोडला. मी शेजारी बसलो तर लोक मला 'सगळं ठीक आहे' सांगतात. कुत्रीला कोण कशाला खोटं सांगेल?"

आठव्या दिवशी आईला वॉर्डात हलवलं. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. माझा काही विश्वास बसेना. चार वाजता मी आपणहून हात पुढे केला. त्याने माझा चेहरा पाहिला, नकारार्थी मान हलवली आणि पट्टा शेजारच्या बाईंना दिला.

मला आधी रागच आला. मग पटलं, आई बरी होतेय.