थ्रॉटल खाली होता

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. पेढीवर माझ्याशेजारी रोज बसणाऱ्या सख्ख्या भावालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – उद्या मार्केट यार्डात समोरासमोर आलो तरी ओळखणार नाही. भित्र्या माणसाला एवढी सोय लागतेच.

आधी इंजिनाबद्दल बोलू द्या. टाळतोय असं वाटेल – थोडं टाळतोयच. पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी सांगलीत हळदीचा व्यापार करतो आणि रविवारी रिमोटवरची छोटी विमानं उडवतो. नाकात मुठीएवढं इंजिन, मिथेनॉल आणि एरंडेलावर चालणारं. पुढचा पंखा बोटाने झटका देऊन फिरवायचा, कान देऊन ऐकायचं, इंधनाची सुई किंचित सैल करायची, पुन्हा झटका. थंडीत ते रुसतं. मग एकदम पेटतं आणि सगळा माळ दणाणतो. जळक्या एरंडेलाचा तो गोडसर वास शर्ट धुतला तरी जात नाही. विमान उतरलं की पंखांवरचं तेल फडक्याने पुसत बसायचं, तापलेल्या बैलाला पुसावं तसं. आणि बॅटरीच्या विमानात काय असतं? वायर जोडली, उडालं. मिक्सर – मी त्याला मिक्सर म्हणायचो. लोक हसायचे, मला बरं वाटायचं.

हे सगळं मला शिकवलं आबांनी. आबा म्हणजे सैन्याच्या वर्कशॉपमधून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, तासगावकडचे. माझ्यापेक्षा बरेच मोठे. जतच्या बाजूला एका उघड्या माळावर आम्ही उडवायचो. इंजिन सुरात लागलं की ते म्हणायचे, "बोलतंय बग, गड्या." मला इंजिनाचं बोलणं ऐकू यायला वर्ष लागलं. ते वर्ष मी आयुष्यात जपून ठेवलं आहे – हेही खरं, आणि पुढचंही खरं.

मग आबांचा उजवा हात थरथरायला लागला. फार नाही. पण पंखा फिरवताना बोट मागे घ्यायला उशीर व्हायचा. शिवाय आवाजाने मेंढरं उधळतात म्हणून धनगर कुरकुरायचे. आबांनी बॅटरीचं विमान आणलं, आणि त्यांना ते आवडलं. आवडलं – हे मला सोसवलं नाही. ज्याच्याकडून मी तो वास शिकलो, त्यालाच तो नकोसा व्हावा? मी चारचौघांत त्यांना मिक्सरवाले म्हणायला लागलो. ते हसायचे. त्या हसण्यात काही दुखतंय का, हे मी कधी बघितलं नाही. की बघितलं होतं?

जतजवळच्या एका शाळेने आम्हाला विमानं दाखवायला बोलावलं. आबा म्हणाले, बॅटरीचंच नेऊ. मी म्हणालो, पोरांना आवाज ऐकू दे. ते नको म्हणत राहिले. तेव्हा मी म्हणालो, "आबा, भ्यालात काय?" आयुष्य सैन्यात घालवलेल्या माणसाला मी हे विचारलं. त्यांनी इंजिनाचं विमान गाडीत ठेवलं.

मैदानावर सगळी शाळा बसली होती. आबा पुढे गुडघ्यावर. मी मागे – एका हाताने विमानाची शेपटी धरलेली, रिमोट गळ्यात. रिमोट आबांनीच मला दिला होता. देताना थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायची, दांडी त्यांनी अंगठ्याने खाली दाबून बघितली होती, नेहमीसारखी – इंजिन पेटवताना ती खालीच लागते. मी ते पाहिलं होतं. हे लक्षात ठेवा. मी पाहिलं होतं.

इंजिन पेटेना. आबा झटके देतायत, ते फुरफुरतं आणि विझतं. मागच्या रांगेत हसू फुटलं. एक मास्तर म्हणाले, विजेवरचं बरं असतंय. त्या एका वाक्यासाठी – खरंच, तेवढ्यासाठी – मी अंगठ्याने थ्रॉटल वर सारला. पुरता वर. आबांना सांगितलं नाही. मला तो दणका हवा होता, त्या मास्तरांच्या तोंडावर.

इंजिन पेटलं ते पूर्ण जोरात. आबांचा हात प्लग तापवणारी क्लिप काढायला पुढे गेलेला. शेपटी माझ्या हातातून निसटली.

पुढच्या रांगेतली मुलं रडायला लागली होती, एवढं आठवतं.

मिरजेला नेताना मी गाडी चालवत होतो. आबांनी हाताला टॉवेल गुंडाळलेला, तो भिजत चाललेला. त्यांनी तो आणखी आवळला. मग विचारलं, "थ्रॉटल वर हुता का रं?"

तेव्हा सांगता आलं असतं. रस्ता रिकामा होता, गाडीत आम्ही दोघंच. मी म्हणालो, "तुम्ही दिलात तेव्हाच वर होता, आबा. मी बघायला हवं होतं. माझंही चुकलं."

माझंही चुकलं! ते 'ही' बघा. खोटं पचावं म्हणून त्यावर मी थोडा प्रामाणिकपणा भुरभुरला.

ते खिडकीबाहेर बघत राहिले. म्हणाले, "मग माजंच ध्यान न्हाई राहिलं."

दोन बोटं गेली. पण मी सांगतोय ते बोटांचं नाही. आबांचा स्वतःवरचा विश्वास गेला. थ्रॉटल विसरणारा माणूस आणखी काय काय विसरत असेल? गॅस बंद केलाय का, हे बघायला ते पुन्हा पुन्हा उठायचे. मोटरसायकलची किल्ली त्यांनी आपण होऊन मुलाच्या हातात दिली. आबांची बायको, काकू, माझ्यापाशी रडल्या – "ह्यास्नी आता कायबी लक्षात ऱ्हात न्हाई म्हणत्यात. डॉक्टर म्हणतोय, डोकं चांगलं हाय. पर ह्येंचा इस्वासच न्हाई." मी त्यांना धीर दिला. वय झालं की होतं असं, म्हणालो. आणि आतून सुटल्यासारखं वाटलं – कारण स्वतःच्या डोक्यावर संशय घेणारा माणूस दुसऱ्यावर घेत नाही.

त्यांनी सगळी इंजिनं मला देऊन टाकली. मी घेतली. वाटेल की तो वास आता मला नकोसा झाला असेल. नाही झाला. वास अजून तितकाच गोड लागतो. मी अजून इंजिनंच उडवतो आणि बॅटरीवाल्यांना अजून हसतो.

आबा अधूनमधून माळावर येतात. मुलगा सोडून जातो, ते खुर्ची टाकून बसतात. गेल्या रविवारी एक तरुण डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच इंजिनाचं विमान घेऊन आल्या. आबांनी त्यांना हाक मारून जवळ बोलावलं आणि उरलेल्या बोटांचा हात पुढे केला.

"आदी थ्रॉटल खाली हाय का बगा, बाई. मी इसरलो हुतो."

बाईंनी घाईने आपल्या रिमोटकडे बघितलं. मग माझ्याकडे – मी जुना ना तिथला.

"आबा सांगतायत ते बरोबर आहे," मी म्हणालो.