पांढऱ्या घुमटाचे सात दिवस

पांढऱ्या रंगाला मी घाबरते, हे माझ्या धंद्यात कुणाला सांगण्यासारखं नाही. मी जळगावात घरीच इमारतींची मॉडेल्स करते. राखाडी, विटकरी, लाकडी, कुठलाही रंग द्या, हात कचरत नाही. पांढरा मात्र पहिल्या हातात कधीच झाकत नाही. खालचं सगळं दिसत राहतं, मग माणूस अधीर होऊन जाड मारतो आणि रंग ओघळतो. धूळ बसली, बोट लागलं, की लगेच दिसतं.

त्या वर्षी एप्रिलअखेर धुळ्याहून काम आलं. तिथल्या वस्तीत नवा विहार बांधायचा होता आणि पायाभरणीच्या दिवशी लोकांना दाखवायला त्याचं मॉडेल हवं होतं. हातात सात दिवस होते. समितीच्या अक्का फोनवर म्हणाल्या, "बेटा, घुमट पांढराशुभ्र पाहिजे. लोक आधी घुमटच बघतात." आमच्याच समाजाचं काम म्हणून मी लगेच हो म्हटलं.

भिंती झाल्या, पायऱ्या झाल्या. घुमट फायबरचा, उलट्या पातेल्याएवढा. पहिल्यांदा रंग जाड झाला आणि खालच्या कडेला थेंब लोंबले. ते घासून काढले. दुसऱ्यांदा दुपारच्या उन्हात गच्चीवर फवारला, तर गरम वाऱ्यात रंग घुमटापर्यंत पोचायच्या आतच वाळत होता. हात फिरवला तर रव्यासारखं खरखरीत लागलं. वर धूळ बसली ती वेगळीच. पुन्हा घासलं. आता तीन दिवस उरले होते.

म्हणून तिसऱ्या वेळी मी मागच्या खोलीत काम घेतलं. खिडकी लावली, पुढच्या दाराखाली ओला टॉवेल कोंबला, पंखा बंद केला. धुळीचा कण आत यायला नको एवढंच डोक्यात होतं. तोंडाला मास्क बांधला, कॉम्प्रेसर सुरू केला. थिनरचा वास मास्कमधूनही येत होता. एक पातळ हात, थोडं थांबून दुसरा, मग तिसरा. घुमट हळूहळू पांढरा होत होता आणि मी त्यावरून नजर काढत नव्हते.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. ते बसच्या वर्कशॉपात रंगकाम करून निवृत्त झालेले. दम्याचा त्रास तेव्हापासूनचा. त्या दुपारी ते झोपलेत असं मी धरून चालले होते. खोलीला अंगणाकडून आणखी एक दार आहे. तिथून ते कधी आले, माझ्या मागच्या खुर्चीत कधी बसले, कॉम्प्रेसरच्या आवाजात मला कळलंच नाही. रंग मारताना माझा हात बघायला त्यांना आवडायचं.

चौथा हात संपवून मी मशीन बंद केलं, तेव्हा मागून शिट्टीसारखा आवाज आला. वळून पाहिलं तर नाना खुर्चीत पुढे वाकलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ निळसर. मी "नाना!" म्हणून ओरडले. त्यांनी मान वर करायचा प्रयत्न केला. बोलता येत नव्हतं.

मी त्यांना काखेत धरून ओढतच अंगणात आणलं. त्यांचा दम्याचा पंप सापडेना, सापडला तर माझ्याच हातून निसटून पडला. शेजारच्या ताईंनी रिक्षा बोलावली. रस्ताभर नानांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मी प्रत्येक श्वास मोजत होते. दोन श्वासांमध्ये जरा वेळ गेला की माझाच जीव जात होता.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी विचारलं, "काय मारत होता तुम्ही? बंद खोलीत?" मी हो म्हटलं. त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. बाहेर बाकावर बसले तेव्हा दिसलं, माझ्या हातांवर कोपरापर्यंत पांढरी भुकटी होती. नळाखाली चोळून चोळून धुतली तरी नखांत राहिली. मी माझ्या बापाला घुमटापायी मारलं, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं.

संध्याकाळी नर्सनं आत बोलावलं. नानांनी मास्क थोडा बाजूला केला आणि त्यांच्या अहिराणीत विचारलं,

"घुमटनं काय व्हयनं?"

"नाना, मरू द्या तो घुमट."

"काही नही वं. बठ्ठं ठीक शे." मग दम घेऊन, सगळं खरंच ठीक असल्यासारखं म्हणाले, "पहिल्या हाताले पांढरा दखाले जाऊ नको. नुसतं धुकं मार. सकाळना पहरले, मोकळ्यात." म्हणजे पहिल्याच हाताला पांढरा दिसायची वाट बघायची नाही, धुक्यासारखा पातळ फवारा द्यायचा, तोही सकाळच्या वेळी, उघड्यावर.

मी अक्कांना फोन करून सगळं खरं सांगितलं. काम होणार नाही असंही म्हटलं. त्या म्हणाल्या, "आधी वडिलांना सांभाळ. घुमट पांढरा नाही झाला तरी तसाच आण."

दुसऱ्या दिवशी नाना दवाखान्यातच होते, माझा भाऊ त्यांच्याजवळ बसला होता. मी पहाटे उजाडताच घुमट गच्चीवर नेला. वारा पडला होता. थिनरचा रंग मी बाजूला ठेवला आणि पाण्यात मिसळणारा घेतला. बंद खोलीत ओल्या रंगावर घाईनं फवारलेले हात सुरकुतले होते. तेवढं ओल्या पॉलिशपेपरनं सपाट केलं, राखाडी अस्तर दिलं. मग धुकं. पहिल्या हाताला काहीच दिसलं नाही. दुसऱ्यालाही राखाडीच. जाड मारायचा मोह झाला, पण हात आवरला. एक हात मारला की पुन्हा पुन्हा मागे वळून बघायचे. मागे पाण्याच्या टाकीशिवाय काही नव्हतं. सहाव्या हाताला घुमट एकसारखा पांढरा झाला. मला आनंद झाला नाही. फक्त खाली बसले आणि रडले.

नानांना त्याच दिवशी दुपारी घरी सोडलं.

पायाभरणीच्या दिवशी मॉडेल घेऊन मी गाडीनं धुळ्याला गेले. रस्ताभर खड्डा आला की दोन्ही हातांनी खोकं धरायचे. भावाला तीनदा फोन केला. नाना जेवले होते, झोपले होते, श्वास ठीक होता.

मंडपात अक्कांनी चष्मा पुसला आणि घुमटाकडे बराच वेळ पाहिलं.

"वाळलाय का गं?" त्यांनी विचारलं.

"हो, अक्का."

त्यांनी पूर्ण तळहात घुमटावर ठेवला. डाग पडेल हे ठाऊक असूनही मी त्यांना अडवलं नाही.