रुखवतातले सुपरहिरो

मला साधा खिळा ठोकता येत नाही. सुई हातात घेतली तर कापडाआधी बोटात जाते. तरी माझ्या लग्नात रुखवताचं टेबल भरून वाहत होतं आणि त्यावरच्या प्रत्येक वस्तूला मामीने चिठ्ठी डकवली होती : 'वधूने स्वहस्ते बनविलेले'. लोकरीचे पोपट अर्जुनी मोरगावच्या दुकानातले, थर्माकोलचं देऊळ शेजारच्या काकूंनी केलेलं. मी म्हटलं, "मामी, हे सगळं खोटं आहे." मामी चिठ्ठीला डिंक लावत म्हणाली, "रुखवत खरं कोनाचं असते वं? माह्यं तरी कुठं होतं?"

तेवढं मी चालवून घेतलं. पोपटांशी माझं काही भांडण नव्हतं.

हळदीच्या दिवशी दुपारी माझी मैत्रीण आली. तिच्या काखेत तांदळाच्या जुन्या पोत्याची चुंगडी होती. ती तिने माझ्यासमोर उलटी केली आणि आतून चार लाकडी सुपरहिरो बाहेर पडले. मी हळद लावलेल्या अंगाने खाली बसले आणि मोठमोठ्याने हसले, कारण मी त्यांना बघताक्षणी ओळखलं.

आठवीपासून आम्ही दोघी एसटीने शाळेत जायचो. सन दोन हजार दोन-तीनचा काळ. गाडी भरलेली असली की ड्रायव्हर आमच्या फाट्यावर थांबायचाच नाही, धूळ उडवून निघून जायचा. पुढच्या गाडीची वाट बघताना आम्ही सुपरहिरो तयार करायचो. एकीने हात दाखवला की एसटी जागच्या जागी थांबायची. एक जण गेलेली लाइट आणायचा. एकामुळे गणिताच्या सरांना तासभर झोप लागायची. आणि चौथी आमची सगळ्यात लाडकी : ती नुसती बघायची आणि मोठ्या माणसांचं बोलणं मधातच बंद पडायचं.

ते चौघे आता शिवणीच्या लाकडात कोरून समोर उभे होते. पाठीवर झूल सोडल्यासारखं सुपरहिरोचं कापड, बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल आणि निळा रंग. पायाखाली चाकं. आणि चौघांच्याही मानेमागे चांगलं ठसठशीत वशिंड!

"हे काय वं?" मी विचारलं.

"काय करू? तान्ह्या पोळ्याचे नंदी करकरू हाताले तेच वळन लागलं. मान झाली का वशिंड आपोआपच येते." ती लाजली. मग हळूच म्हणाली, "माह्यं नाव नोको सांगू कोनाले."

ते का, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. तिचे वडील गावाचे सुतार. आम्ही दहावीला असताना ते घर शाकारताना वरून पडले आणि त्यांचा उजवा हात कामातून गेला. तेव्हापासून गावाचे नांगर, चिखलणीची दतारी, खाटांचे पाय, तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात ते लाकडी नंदी, सगळं ती करायची. घरापुढच्या सपरीच्या मागे लाकूड तासायचा तिचा वाकस चालायचा. अंगणात गिऱ्हाइकाची चाहूल लागली की तो आवाज थांबायचा आणि वडील दारात वाकस मांडीवर घेऊन बसायचे. गिऱ्हाईक त्यांना विचारायचं, "झाला का गा नांगर?" ते म्हणायचे, "झाला." बाईने केलेला नांगर शेतात घातला तर धान पिकत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. पाच वर्षं त्याच नांगरांवर गावचं धान पिकत होतं, पण म्हण काही मागे घेतली नव्हती.

मला या प्रकाराचा राग यायचा. तिला म्हणायची, सांगून टाक. ती म्हणायची, "तू सांगशील अन् आराम करशील. चूल माह्यी हाय."

दुसऱ्या दिवशी मी शालू नेसून मांडवात आले आणि रुखवताकडे माझी नजर गेली. मामीने त्या चौघांच्याही चाकांजवळ चिठ्ठ्या डकवल्या होत्या. वधूने स्वहस्ते.

माझं डोकंच फिरलं. पोपट माझे, देऊळ माझं, सगळं माझं म्हणा. पण फाट्यावर उन्हात उभं राहून जे आम्ही दोघींनी रचलं आणि जे तिने एकटीने कोरलं, तेही माझ्याच नावावर? आयुष्यभर बापाच्या नावाने कोरायचं आणि मैत्रिणीला दिलेली भेट मैत्रिणीच्या नावाने मिरवायची? तेवढ्यात वराकडच्या बाया रुखवत बघायला आल्या. पुढे माझी होणारी सासू. तिने बस थांबवणारीला उचललं, चाकं फिरवून पाहिली, वशिंडावरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "तू केली हे?"

मामीने मला कोपर मारलं. शेजारच्या पाटावर आमचे मोठेबाबा बसले होते, वडिलांचे थोरले भाऊ, घरातले कर्ते. ते डोळ्यांनीच मला 'हो म्हण' सांगत होते.

"नाही," मी म्हटलं आणि चारही चिठ्ठ्या टराटरा फाडल्या. "मला खिळासुद्धा ठोकता येत नाही. अजून काय काय येत नाही, तेही आत्ताच सांगते, म्हणजे मागून बोलणं नको."

"मंग कोनं केलं?" सासूने विचारलं.

माझं खरं मी सांगू शकत होते, तिचं कसं सांगू? नांगरणीचे दिवस तोंडावर आले होते. ती तिथेच, सरबताचा ट्रे धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, फाटलेल्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं आणि ट्रे टेबलावर ठेवला.

"माह्या हातचे हायेत," ती म्हणाली.

मोठेबाबा घाईने बोलले, "तिच्या बापाच्या हातचे. सुतार हाय तो आमचा. पोरगी असंच बोलून राहिली."

"बाबाचा हात पाच वर्षांपासून उचलत नाही, मोठेबाबा. तुमाले माहीत हाय. तुमचे नांगर माह्याच हातचे हायेत. अन् तुमी बसून राहिले ना, तो पाटही माह्याच हातचा."

मोठेबाबा ताडकन अर्धे उठले. मग उठून बसायचं कुठे, हे लक्षात येऊन पुन्हा खाली बसले. बायांमध्ये एकच हशा पिकला. सासू मात्र हसली नाही. तिने मैत्रिणीला एवढंच विचारलं, "आमच्या इकडं पाठवशील का तान्ह्या पोळ्याले दोन-तीन नंदी?" आणि सुपरहिरो होता त्या जागी नीट ठेवला.

लग्न लागलं. पण मैत्रिणीने जे भोगलं ते मला लिहिलंच पाहिजे. त्या मोसमात पाच-सहा घरांनी नांगर केशोरीच्या सुताराकडे नेले. तिच्याकडे महिनाभर वाकस थंड होता आणि मी सासरी बसून स्वतःला शिव्या घालत होते. मग पाऊस लागला. चिखलात नांगर मोडू लागले आणि केशोरी काही जवळ नाही. एकेक जण तिच्या अंगणात आला. या खेपेला दारात तिचे वडील बसलेले नव्हते. ती स्वतः होती.

पोळ्याला मी माहेरी आले तेव्हा ते चौघे बॅगेत घालून आणले होते. चाकांजवळ चिठ्ठ्यांच्या डिंकाचे डाग तसेच होते. मैत्रिणीला आमच्या ओसरीवर बसवून म्हटलं, "इथं तुझं नाव कोर."

"नाव टाकलं त वशिंडाची चूकही माह्याच नावावर येईल. तासून देऊ का आधी?"

"वशिंडाला हात लावून तर बघ!"

तिने पटाशीने चौघांवर नाव कोरलं, फुंकर मारून भुसा उडवला आणि इकडेतिकडे पाहत म्हणाली, "तो पाटही आन."

पाटावर मोठेबाबा जेवायला बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि आमच्या लाडक्या चौथ्या सुपरहिरोसारखी नुसती बघत राहिले. त्यांनी शेवटचा घास गिळला, हात धुतला आणि पाट पायाने माझ्याकडे सरकवला.

"खालच्या बाजूनं कोरा म्हना," ते पुटपुटले.

तिने समोरच्या कडेवर कोरलं.