गग म्हणजे उखाणा नव्हे

उभा जन्म शाळेत मराठी शिकवलेल्या कुंदाताईंना वाटलं होतं, सुनीत, म्हणजे इंग्रजीतलं सॉनेट, चौदा ओळींचंच तर असतं. त्यात काय एवढं अवघड? म्हणून मुलुंडच्या आपल्या सोसायटीत त्यांनी शनिवारचा वर्ग काढला. विमलाताई वर्गाला आल्या आणि कुंदाताईंच्या संयमाची वाट लागली.

फळ्यावर इंग्लिश पद्धतीचं सुनीत होतं. चार-चार ओळींची तीन कडवी, यमकं अबअब, कडकड, इफइफ आणि शेवटी गग, म्हणजे आपसांत जुळणाऱ्या दोन ओळी. कवितेचं सार त्या दोन ओळींत यायचं. विमलाताईंनी वाळत घातलेल्या कोकमांवर बारा ओळी झकास लिहिल्या आणि खाली जोडलं:

कोकमांवर गच्चीतल्या ऊन पडलं कडक,
गुणाजींचं नाव घेते सर्वांसमोर बेधडक.

"अहो, हा उखाणा झाला."

"यमक जुळतं ना पण?"

जुळतं, तेच तर दुखणं. पुढच्या शनिवारी विषय निराळा, शेवटी पुन्हा गुणाजी. त्याच्या पुढच्या शनिवारीही गुणाजीच. वैतागून कुंदाताईंनी इटालियन सुनीत काढलं. आधी आठ ओळी अबबअ अबबअ, मग विचाराला वळण आणि उरलेल्या सहा कडइ कडइ. शेवटी जोडीच नाही, बघू आता नवरा कुठे बसवतात ते. विमलाताईंनी चौदा ओळी शिस्तीत लिहिल्या आणि गुणाजींसाठी आणखी दोन वाढवल्या. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

मराठी भाषा दिनाला सोसायटीच्या कार्यक्रमात वर्गातलं एकच सुनीत वाचायचं होतं. कोकमांचंच सगळ्यांत चांगलं होतं, हे कुंदाताईंना चडफडत मान्य करावं लागलं. त्यांनी विमलाताईंना निर्वाणीचं सांगितलं, "शेवटच्या दोन ओळी बदला, नाहीतर मी वाचू देणार नाही. नाव घ्यायची एवढी हौस असेल तर हळदीकुंकवात घ्या ना."

विमलाताई कागदाची घडी घालत म्हणाल्या, "तिथे मला कोण बोलावतंय? हे गेल्यापासून मला कोणी 'नाव घे' म्हटलंच नाय."

कुंदाताईंच्या घरचं हळदीकुंकू गेल्याच महिन्यात झालं होतं. अख्खा मजला आला होता. विमलाताई समोरच्याच दारात राहतात. कुंदाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग आला तोही आता स्वतःचाच.

कार्यक्रमात 'सुनीतवाचन' असं जाहीर करायचं ठरलं होतं. कुंदाताईंनी माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, "आता विमलाताई नाव घेतील."