शिळेवरची मोकळी जागा

जालन्याच्या शिळाछापखान्यातला तो म्हातारा दगडावर उलटी अक्षरं लिहायचा आणि ओळ संपली की लेखणी कानामागं खोचायचा. पोरांच्या वसतिगृहासाठी मदत मागायचं पत्रक मी त्याच्याकडं दिलं. त्यात मी नुसती देशमुख-वकिलांची नावं भरली होती. त्यानं मधोमध चार ओळींची जागा सोडली.

"मालक, मोठी मान्सं बराबर आली. पोरं कुठं हायेत? इथं त्यांचं लिव्हा की."

"तिथं अजून दोन नावं बसव," मी फटकारलं. त्यानं कानामागची लेखणी काढून बसवली.

राजूरच्या गणपतीला चतुर्थीच्या गर्दीत एका शेतकऱ्यानं माझ्याकडून पत्रक वाचून घेतलं आणि परत दिलं.

"एवढे मोठे लोक हायेत, मंग आमची काय गरज?"

वसतिगृह झालंच नाही. पत्रक अजून माझ्यापाशी आहे. नावं सगळी बराबर आहेत.